टाच बाहेर

तिओतोननं काउंटरवर दोन खोकी ठेवली
आणि पंखा बंद केला,
जणू माझा निर्णय वाऱ्यानं उडून जाईल.

एकात रोडचं पेडल: काळं, रुंद,
एकाच बाजूनं पाय घेणारं.
बुटाला खाली तीन स्क्रूंनी बसवायची
प्लास्टिकची त्रिकोणी जीभ.
दुसऱ्यात माउंटनचं: पोलादी, एवढंसं,
कुठूनही पाय ठेवा, तोंड उघडंच.
त्याची पट्टी बुटाच्या रबरात लपते,
खडा लपतो तशी.

"डांबरावर चालवता ना? मग रोडचंच,"
वेरेंकर आदल्या रविवारी सांगून बसले होते.
त्यांचा हिशेब वॅटमध्ये असतो.
त्यांनी जुनी पेडलं दिली वापरून बघायला,
आणि लेकीचे बूट, ती पुण्याला गेल्यापासून पडलेले.
खोटं कशाला बोलू,
डिचोलीहून निघाले आणि मयेच्या तळ्यापाशी कळलं
की पाय गोल फिरतात.
सत्तेचाळीस वर्षं मी नुसती दाबत होते.

पण नार्व्याच्या धक्क्यावर ओहोटी होती.
उतार हिरवा, बुळबुळीत,
खाली फेरी घरघरत थांबलेली.
मी उतरले, बदकासारखी चार पावलं टाकली
आणि पाचव्याला सायकलीसकट बसले.
मासळीची पाटी घेतलेली बाई हसली नाही,
ते जास्त लागलं.
फेरीवाल्यानं हात दिला:
"बाय, ह्या व्हाणांक तळ ना गो?"

तर आता दुकानात उभी राहून
मी वॅट मोजत नाही, उतरणं मोजते.
नार्व्याला एकदा. दिवाडीला फेरीतून बाहेर येताना.
पिएदादच्या चढावर (तिथं उतरत नाही असं सांगते, उतरते).
एप्रिलमध्ये काजूच्या वासाला, भट्टीमागच्या वाटेवर,
जिथं तांबडी खडी बुटात घुसते.
मग जुन्या गोव्याची फेरी.
परत येताना हे सगळं उलट.

आणि इनास पोदेर,
बांबूची पाटी, भोंगा, रबरी चप्पल.
त्याच्या डाव्या पेडलाचा नुसता दांडा उरलाय.
चढावर तो अजून माझ्या पुढे जातो,
ह्याचं काय करायचं ते मला कळत नाही,
म्हणून मी ते मोजतच नाही.

"तू काय म्हणतोस?" मी विचारलं.
तिओतोन म्हणाला, "मी सांगणार नाही.
एका गिऱ्हाइकाला सांगितलं,
तो अजून मिसाला माझ्या बाजूला बसत नाही."
"बरं, चिखल भरला तर?"
त्यानं पोलादी तोंडात अंगठा घातला, आरपार.
"ह्यातून गळतो."
दुसऱ्याकडे नुसतं बघितलं.

घेतलं माउंटनचं.
पहिल्याच आठवड्यात डिचोलीच्या बसस्टँडसमोर
टाच बाहेर, टाच बाहेर, असं जपत जपत
उभ्या उभ्या आडवी झाले.
हे खोक्यावर कुठं लिहिलेलं नव्हतं.
आणि चोडणच्या सपाटीवर, तासाभरानं,
तळव्याखाली बटणाएवढा निखारा पेटतो.
तेव्हा ते दुसरं खोकं आठवतं,
त्याची रुंदी, आणि मयेचं तळं.

काल पुन्हा ओहोटी.
मी उतारावरून चालत गेले, टक टक, कुठंही न घसरता.
मागं वेरेंकर थांबलेले.
खिशातून रबरी टोप्या काढत होते बुटांना चढवायला,
दोनातली एक सापडेना.
फेरीनं शिटी दिली.
मी सायकल कठड्याला टेकवून परत वर गेले,
त्यांनी माझा खांदा धरला,
एका पायात टोपी, एका पायात नाही,
आणि आम्ही दोघं हळूहळू खाली आलो.
वॅटबद्दल कुणी काही बोललं नाही.